धुणाऱ्याचं अक्षर

पडवळ सर कुणाकडेही गेले की पाणी प्यायच्या आधी पेल्यावर तोंडाची वाफ सोडत. पेला काचेचा असेल तरच. स्टीलच्या पेल्याशी त्यांचं काही भांडण नव्हतं. यजमान ट्रे घेऊन समोर उभा आणि कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख पेला उजेडाकडे धरून त्यावर 'हाऽ' करताहेत, मग डोळे बारीक करून ती वाफ उडताना पाहताहेत, हा सोहळा मुरबाड तालुक्यातल्या पुष्कळ ओट्यांवर झालेला आहे. काच स्वच्छ असेल तर वाफ धुक्यासारखी सारखी बसते आणि सारखीच उडते. तेलाचा, साबणाचा, बोटाचा अंश राहिला असेल तर तिथे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की सर "तहान नाय" म्हणून पेला खाली ठेवत आणि त्या घरातली बाई पुढची दहा वर्षं त्यांना विसरत नसे.

मला वडील नव्हते, म्हणून शेणव्याला मुलगी पाहायला जाताना मी वडीलधारे म्हणून सरांना बरोबर नेलं. हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते पाणी आल्यावर कळलं. मुलीने पेले आणले. सरांनी सवयीप्रमाणे वाफ सोडली. खोलीत बसलेली सगळी माणसं बोलायची थांबली. वाफ पूर्ण उडेपर्यंत सर पाहत राहिले, मग घटाघटा पाणी प्यायले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "काच चांगली धुतलीय. होकार दे." मी दिला. लग्नानंतर महिन्याभराने बायको म्हणाली की त्या दिवशी पेले तिच्या भावाने धुतले होते. हे मी सरांच्या कानावर घातलं, तेव्हा ते म्हणाले, "मंग त्याचा अक्षर घालायला पायजे व्हता."

हे अक्षराचं प्रकरण आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मी सरांकडे पहिल्यांदा गेलो तो एम.एस्सी. झालेला, सापगावचा, स्वतःबद्दल फारच चांगलं मत असलेला तरुण म्हणून. हातात प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल होती. सरांनी ती उघडली नाही. खिडकीतल्या डब्यातून बोटभर लांबीची एक काचपट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धू." मी धुतली. त्यांनी वाफ सोडली आणि म्हणाले, "परत." असं सात वेळा झालं. आठव्या वेळी ते काहीच बोलले नाहीत, एक हिरकणी लावलेली लेखणी माझ्याकडे सरकवली. काच कापणाऱ्याकडे असते तशीच, फक्त टोक बारीक. "कोपऱ्यात तुझा अक्षर घाल. उद्या ह्या काचेवर थर नीट नाय बसला, तर शिव्या कुणाला घालायच्या ते आमाला कळला पायजे." मी कोपऱ्यात 'दि' कोरला, दिनेशचा. डॉक्टरेटसाठी माझी नोंदणी झाली ती खरं तर त्या क्षणी. विद्यापीठाने कागद नंतर दिले.

आमचा विषय कागदावर फार भारदस्त होता. वीज तयार करणाऱ्या आणि वीज वाहून नेणाऱ्या उपकरणांसाठी सेंद्रिय आणि धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर. प्रत्यक्षात काय होतं, तर जस्ताचा क्षार पाण्यात विरघळवायचा, तव्यावर तापवलेल्या काचेवर त्याचा फवारा मारायचा, पाणी उडून जातं आणि काचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा थर उरतो. केसापेक्षा कितीतरी पातळ. असा थर आरपार दिसणाराही असावा आणि त्यातून वीजही वाहावी, ही आमची धडपड. तसं जमलं तर सौरघट स्वस्त होतात. जगात हे काम काचेच्या बंद खोल्यांमध्ये, पांढरे झगे घालून करतात. आमच्याकडे फवारा होता रंगाऱ्याचा, हवेचा पंप होता पंक्चरवाल्याने टाकून दिलेला आणि वरचा धूर ओढायला सरांच्या मेव्हण्याच्या हॉटेलातला जुना पंखा. मिक्सरच्या मोटरवर काच गरागरा फिरवून थर पसरवायचं यंत्रही सरांनी बनवलं होतं. पहिल्याच दिवशी काच सुटून गेली आणि सगळं द्रावण भिंतीवर बसलं. भिंतीवरचा तो थर अतिशय एकसारखा होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

"यंत्र सस्ता असला तर चालतो," सर म्हणत, "लाज महाग पायजे."

वीज हा आमच्या संशोधनाचा विषय होता आणि वीज नसणं ही आमची परिस्थिती. फवारा अर्ध्यावर आला की दिवे जात, तवा थंड पडे आणि काचेवर थराऐवजी पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी उरे. मी चरफडे. सर स्टुलावर बसून शांतपणे बिडी काढत, पेटवत नसत, नुसती कानावर ठेवत. म्हणत, "सूर्याकडनं वीज घ्यायला निघालो आपण, आन् बोर्डाकडची टिकत नाय." मग दिवे येत आणि आम्ही तीच काच परत धुवायला घेत असू.

कारण आमच्या लॅबमध्ये काच फेकायची पद्धत नव्हती. फसलेला थर पातळ आम्लात बुडवला की विरघळून जाई, काच धुऊन पुसून पुन्हा वापरात. ज्याने धुतली त्याचं अक्षर कोपऱ्यात. सरांचा 'प', माझा 'दि'. डबे दोन होते. पांढऱ्या झाकणाच्या डब्यात साध्या काचा आणि निळ्या झाकणाच्या डब्यात कंपनीच्या काचा. ही कंपनीची काच म्हणजे तयार मिळणारी. तिच्यावर कारखान्यातच एक पारदर्शक थर चढवलेला असतो, त्यातून वीज छान वाहते, आणि तो थर असा चिवट की आम्लालाही दाद देत नाही. दिसायला मात्र ती साध्या काचेसारखीच. असा एकच तुकडा सरांनी खूप खटपट करून मिळवला होता आणि त्याच्या साध्या काचांएवढ्याच पट्ट्या कापल्या होत्या. त्यांच्यावर आमचा थर चढवायचा, वर माळशेजच्या करवंदांचा रस लावायचा आणि उन्हात धरायचं. मीटरचा काटा किंचित हलायचा. तेवढ्यावर सर दिवसभर खूश असत. हा आमचा सेंद्रिय विभाग. उरलेली करवंदं मी खायचो, तोही प्रयोगाचाच भाग होता.

आता एक्केचाळीस नंबरची काच.

त्या काळात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे कायम मास्तर जे शिकवतो तेच शिकवायचं, फक्त सुट्टीत जेवायचं नाही. लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेले होते आणि कॉलेजात एक कायम जागा निघणार अशी कुजबुज होती. अशा वेळी माणसाच्या हातून शोध लागतातच. दसऱ्याच्या आधी एक दिवस मी एक्केचाळिसावा नमुना फवारला, थंड झाल्यावर त्यावर मीटरच्या पिना टेकवल्या आणि आकडा पाहून मला घाम फुटला. इतकी वीज आमच्या कुठल्याच थरातून कधी वाहिली नव्हती. मी पिना बदलल्या, मीटर बदलला. आकडा तोच.

सरांनी आकडा पाहिला, काच पाहिली, आणि पेढे आणायला निघालेल्या मला बसवलं. "एकदा आला तो पाव्हणा. दोनदा आला तो शेजारी. तीनदा आला तो घरचा. आजून दोनदा येऊ दे, मंग बोलू."

तो परत आला नाही. बेचाळीस ते अठ्ठावन्न, सगळे नमुने मी त्याच द्रावणाने, त्याच तव्यावर, त्याच शर्टात फवारले. एकातूनही वीज वाहायला तयार नाही. पण तोपर्यंत मी एक चूक केली होती. प्राचार्यांना सांगून बसलो होतो.

आमचे प्राचार्य मोठे कर्तबगार होते. कॉलेजात पाण्याची टाकी बसली तरी तिच्याशेजारी त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लागे. कॉलेजला संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळावी ही सरांची पंधरा वर्षांची इच्छा होती. ती इच्छा प्राचार्यांना आत्ता एकदम स्वतःची वाटायला लागली. तीन दिवसांत फ्लेक्स तयार झाला, 'ग्रामीण भागातून सौरक्रांती'. त्यावर वरच्या बाजूला तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा, मध्ये प्राचार्य आणि खाली कोपऱ्यात सर आणि मी, पासपोर्टच्या फोटोत. दिवाळीनंतरचा सत्काराचा दिवस ठरला. सर म्हणाले, "आजून दोनदा आला नाय." प्राचार्य म्हणाले, "सर, मान्यतेची समिती पुढच्या महिन्यात येतेय. तुम्ही तुमचे ते दोनदा नंतर करा."

सत्काराच्या दिवशी सकाळी सर लवकर आले. माझ्या अंगावर नवा सदरा होता. ते म्हणाले, "एक्केचाळीस आण." मी आणली. त्यांनी ड्रॉपरने काचेच्या कडेला आम्लाचा एक थेंब सोडला. आमचा थर तिथल्या तिथे विरघळला आणि खाली नाण्याएवढी मोकळी जागा दिसू लागली. त्यांनी ती पाण्याने धुतली, टिपली आणि त्या मोकळ्या जागेवर मीटरच्या पिना ठेवल्या. वीज वाहत होती, आणि आकडा तोच होता.

"वरचा आपला गेला," सर म्हणाले. "खालचा कुणाचा?"

खालचा कंपनीचा होता. निळ्या डब्यातली एक पट्टी कुणीतरी धुऊन पांढऱ्या डब्यात टाकली होती. तिच्यावर मी माझा थर चढवला आणि कंपनीच्या कारखान्यात केव्हाच लागलेला शोध मुरबाडला पुन्हा लावला.

कुणीतरी म्हणजे कोण, हे मला त्याच क्षणी आठवलं. दसऱ्याच्या आधी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून दोन्ही डब्यांतल्या फसलेल्या काचा, त्यात कंपनीची एकच, मी एकदम आम्लात टाकल्या होत्या. निघायच्या घाईत सगळ्या पांढऱ्या डब्यात भरल्या. अक्षर घालायला मात्र विसरलो नव्हतो. शिस्त म्हणजे शिस्त.

सरांनी काच उलटी केली, कोपऱ्याशी भिंग धरलं आणि पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी काच रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "चल. नारळ घ्यायचाय ना?"

सभागृह भरलं होतं. निमंत्रणपत्रिकेत 'सेंद्रिय' हा शब्द होता, त्यामुळे पुढारी वीस मिनिटं शेणखतावर बोलले. ते भाषण त्या दिवसातलं सगळ्यात खरं भाषण ठरेल असं वाटत असतानाच सर उठले. एरवी ते व्यासपीठावर पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी आपल्या गावी, वैशाखऱ्याच्या घरात बोलायचे तसे बोलले.

"ह्या काचेवरला वरचा थर आमचा. त्याच्यातनं वीज जात नाय. खालचा थर कंपनीचा, त्याच्यातनं जाते. धुतलेली काच चुकीच्या डब्यात गेली. ती माझ्या हातून गेली. आमी काय शोधला नाय. नारळ परत घ्या."

पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं की त्या वाजवायच्या असतात. मग कुणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि ते थांबले. मी दुसऱ्या रांगेत होतो. माझा नारळ मला आधीच मिळाला होता, तो मांडीवर होता. "ती माझ्या हातून गेली" हे वाक्य ऐकल्यावर उठून माइकपाशी जायला मला फार तर चार पावलं लागली असती. मी नारळाची शेंडी नीट करत बसलो.

नंतरचं सगळं रीतसर झालं. मान्यतेचा अर्ज प्राचार्यांनी मागे घेतला. सरांकडचं विभागप्रमुखपद काढलं, म्हणजे 'प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती' दिली. सरांची प्रकृती उत्तम होती. लॅबची अर्धी खोली लाकडी फळी ठोकून परीक्षेच्या गठ्ठ्यांना दिली. आणि पुढच्या महिन्यात कायम जागेच्या मुलाखतीत प्राचार्यांनी मला पाहून समितीला सांगितलं, "विभागात जो निष्काळजीपणा बोकाळलाय त्याला आळा घालायला असाच तरुण हवा." माझी निवड झाली. मी आभार मानले. अजूनही पगार खात्यात जमा झाला की ते वाक्य मला आठवतं, आणि आठवल्यावरही मी तो पगार घेतोच.

सत्कारानंतर चौथ्या दिवशी मी सांगायचं ठरवून वैशाखऱ्याला गेलो होतो. सर खळ्यावर भात झोडत होते. मी म्हटलं, "सर, बोलायचंय." त्यांनी एक पेंढी माझ्या हातात दिली. "आधी झोड, मंग बोल." दुपारपर्यंत मी झोडलं. हाताला फोड आले, पाठ मोडली, पोट भरून भात आणि सुकट खाल्ली आणि बोलायचं राहून गेलं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "बरा झाला रे आलास. ह्यांना कालपासून माणूस मिळत नव्हता." मी मोटरसायकलला किक मारली आणि घरी आलो. आपण प्रयत्न केला याचं मला त्या दिवशी समाधानही वाटलं होतं.

सरांनी माझं काम सोडलं नाही. निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून तीन दिवस एस.टी.ने येत आणि त्या अर्ध्या खोलीत माझ्या शेजारी बसत. पुढच्या वर्षांत आमच्या थरातून खरंच थोडी वीज वाहायला लागली. फ्लेक्स लावण्याइतकी नाही. पण ती पहिल्यांदा आली, दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. सरांनी तिसरा आकडा पाहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा कानावरची बिडी पेटवली. "थर पातळ ठेव रे," ते म्हणाले, "जाड थर लावणारे तालुक्यात पुष्कळ हायेत." ती बिडी त्यांनी लॅबच्या बाहेर जाऊन, पायरीवर बसून पूर्ण ओढली.

डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी आम्ही एस.टी. स्टँडसमोर भजी खायला बसलो. सरांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत एक्केचाळीस नंबरची काच होती. इतकी वर्षं ती त्यांच्याकडेच होती. मी ती उचलली आणि म्हणालो, "सर, ही काच त्या दिवशी मी..."

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "मला अक्षर वाचता येतो."

त्यांनी भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली. थोड्या वेळाने मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?" ते म्हणाले, "तुझी बायको पोटुशी व्हती. माझी नोकरी संपतच आली व्हती." मग पाण्याचा पेला उचलला, त्यावर वाफ सोडली, ठिपके दिसले, पण त्या दिवशी पाणी प्यायले. मला रडू आलं आणि मी मिरचीचं निमित्त केलं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगायचं मात्र मी त्यानंतरही टाळलं. प्राचार्य अजून खुर्चीत होते, माझी बढती व्हायची होती. कारणं काय, धुतली की पुन्हा वापरता येतात.

सर गेल्या वर्षी गेले. शेतावरून आले, ओट्यावर टेकले, काकू पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात. काकूंनी आणलेला पेला स्टीलचा होता.

कॉलेजने शोकसभा ठेवली. शोकसभेलाही फ्लेक्स होता. प्राचार्य आता निवृत्त होऊन संस्थेचे सल्लागार झाले आहेत, तेच अध्यक्षस्थानी. ते सरांच्या साधेपणाबद्दल बोलले, त्यांच्या पंक्चरवाल्याच्या पंपाबद्दल बोलले, लोक हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाकडूनही एकदा गंभीर चूक झाली. काच चुकीच्या डब्यात गेली. पण त्यांनी ती जाहीरपणे कबूल केली. केवढं मोठं मन." पुढच्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांची मान खाली होती.

पुढचा वक्ता मी होतो, विभागप्रमुख म्हणून. माझ्या खिशात तीन पानांचं भाषण होतं, त्यात 'पोकळी' हा शब्द दोनदा आला होता. मी ते काढलं नाही. दुसऱ्या खिशातली काच काढली. मी म्हणालो, "ही ती काच. आमच्या लॅबमध्ये जो काच धुतो तो कोपऱ्यात आपलं अक्षर कोरतो. पोरांनो, तुम्हीही कोरता. हिच्यावर माझं अक्षर आहे. काच मी धुतली होती, चुकीच्या डब्यात मी टाकली होती. सरांना माहीत होतं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि गप्प राहिलो. त्या गप्प बसण्यावर मला नोकरी मिळाली."

मला वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होईल.

प्राचार्य उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक ओढून घेतला. "पाहिलंत? गुरूची चूक शिष्य स्वतःच्या अंगावर घेतोय. आजच्या काळात असे शिष्य दुर्मीळ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे दोघातिघांना आठवलं आणि त्या थांबल्या. मी माइककडे हात केला. "सर, मी खरंच सांगतोय," मी म्हणालो. "हाच तो विनय," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी काच माझ्या हातातून घेऊन सरांच्या फोटोपुढे झेंडूच्या दोन फुलांमध्ये ठेवली. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि त्याचाही सत्कार झाला.

तेव्हा काकू उठल्या. फोटोपाशी गेल्या, काच उचलली, पदराने पुसली. आणि सगळ्यांसमोर तिच्यावर 'हाऽ' केलं. पस्तीस वर्षं ज्या सवयीपायी त्यांनी नवऱ्याला पाव्हण्यारावळ्यांत बोल लावले, तीच. काचेवर वाफ बसते तेव्हा कोरलेलं अक्षर स्पष्ट उमटतं, हे आम्हाला लॅबमध्ये रोज दिसायचं. त्यांना ते कुठून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी काच उजेडाकडे धरली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"उशीर केलास रे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण माइक चालू होता. "खरा बोलतोय तो. हे घरी बोलले व्हते मला. म्हणाले, तो सांगंल तवा सांगंल, तू नको सांगू." मग त्या प्राचार्यांकडे वळल्या नाहीत, पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात काच दिली. "वाच गो. आन् मागं दे."

मुलीने काचेवर वाफ सोडली, वाचलं, वर माझ्याकडे पाहिलं आणि काच शेजारच्या मुलाला दिली. त्याने वाफ सोडली. काच रांगेतून रांगेत जाऊ लागली. प्राचार्य माइकवर दोन मिनिटं मौनाची सूचना देत होते, पण मौन आधीच सुरू झालं होतं. प्रत्येक जण 'हाऽ' करत होता, कोपऱ्यात 'दि' वाचत होता आणि मग माझ्याकडे पाहत होता. सभागृह बरंच मोठं आहे, हे मला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. शेवटची रांग होईपर्यंत मी उभा राहिलो. या वेळी हातात नारळ नव्हता.

काच परत आली तेव्हा तिच्यावर सगळ्या कॉलेजची बोटं उमटली होती. सरांनी ती एकदा उजेडाकडे धरली असती आणि एकच शब्द बोलले असते. मी घरी आलो आणि ती परत धुतली.